टाकल खेरा ते तळणी : वऱ्हाडातून पाहिलेले आकाश

वर्गात हजेरी घेताना मला पुष्कळदा वाटत आले आहे की, आपण हजेरीपट नव्हे, आकाशाचा नकाशाच वाचत आहोत. सुरैया, परवीन, जोहरा, मुश्तरी, सुहेल, हिलाल, बद्रुद्दीन, अंजुम, अख्तर! सुरैया म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. परवीन म्हणजेही तोच पुंजका. एक नाव अरबी, दुसरे फारसी. जोहरा म्हणजे शुक्र आणि मुश्तरी म्हणजे गुरू. मराठीत ज्याला अगस्त्य म्हणतात तो दक्षिणेचा तेजस्वी तारा म्हणजे सुहेल. हिलाल ही पहिली कोर, बद्र हा पूर्ण चंद्र. एका वर्षी माझ्या वर्गात एक सुरैया व एक परवीन एकाच बाकावर बसत. दोघींना मी नावाचा अर्थ विचारला. "तारा" एवढे दोघींनाही सांगता आले. तो आकाशात कोठे दिसतो हे मात्र एकीलाही सांगता येईना आणि आपण दोघी एकाच नावाच्या आहोत याचा तर त्यांना पत्ताच नव्हता.

दोष मुलींचा नव्हता. आकाशाकडे आपण वर्षातून एकदा-दोनदाच निरखून पाहतो. चांदरातीला सारे अचलपूर गच्चीवर जमते, मगरिबनंतरची दहा-पंधरा मिनिटे लहानथोर सगळे पश्चिमेकडे डोळे लावून बसतात, कोर दिसली की एकच गलका होतो आणि मग सगळे खाली उतरतात. त्यानंतर वर उरलेल्या हजारो ताऱ्यांची विचारपूस कोणी करीत नाही.

अचलपूरचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण इमादशाहीपासून सुरुवात करतो. गाविलगड, हौज कटोरा, नबाबांचे वाडे, शहराची जुनी तटबंदी यांची वर्णने आपल्या मुलांनी निबंधांतून अनेकदा लिहिली आहेत. ते सर्व योग्यच आहे. पण याच मुलखात आकाशनिरीक्षणाच्या इतिहासातली दोन मोठी प्रकरणे घडली, एक १८२२ च्या सुमारास आणि दुसरे १८९८ साली, आणि त्यांची आठवण आपल्याकडे जवळजवळ बुजली आहे. पालकांनी व विद्यार्थ्यांनी ती जाणून घ्यावीत एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

पहिले प्रकरण अगदी आपल्या उंबरठ्यावरचे. इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ जमीन मोजण्याचे एक प्रचंड काम हाती घेतले. हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरळ रेषेत त्रिकोणामागून त्रिकोण रचत जायचे, आणि त्यावरून पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे हे ठरवायचे, अशी ती योजना होती. वीस वर्षे हा माणूस डोंगर चढत आणि ताप अंगावर काढत उत्तरेकडे सरकत राहिला. ही मोजणी वऱ्हाडात पोचली तेव्हा तिचे उत्तरेकडचे ठाणे झाले 'टाकल खेरा'. इंग्रजी कागदांत हे नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले आढळते. आपल्या अचलपूरचेही त्यांनी 'एलिचपूर' करून टाकले होतेच. एलिचपूर शहराच्या आग्नेयेस सुमारे १५ मैल, अक्षांश २१ अंश ६ कला, असा या जागेचा पत्ता त्या कागदांत दिलेला आहे.

जमीन मोजणाऱ्याला ताऱ्यांशी काय कर्तव्य, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. तो पडलाच पाहिजे, कारण सगळी गंमत त्यातच आहे. एखादा तारा बीदरजवळच्या गावी मध्यरात्री बरोबर डोक्यावर आला, असे समजा. तोच तारा उत्तरेला अचलपूरजवळ येऊन पाहिला तर तो डोक्यावर दिसणार नाही, थोडा दक्षिणेला कललेला दिसेल. किती कलला हे मोजले की दोन गावांत किती अंशांचे अंतर आहे ते समजते. जमिनीवरचे अंतर त्रिकोणांच्या गणिताने आधीच काढलेले असते. मग एका अंशाला किती मैल पडतात हा त्रैराशिकाचा हिशेब उरला. हा आकडा दक्षिणेत आणि उत्तरेत सारखा येत नाही. उत्तरेकडे जावे तसा तो किंचित वाढतो, आणि त्यावरून पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे हे सिद्ध होते. लॅम्ब्टनचे बीदरकडचे ठाणे दामरगिड्डा १८ अंश ३ कलांवर होते आणि टाकल खेरा २१ अंश ६ कलांवर. म्हणजे तीन अंशांचा हा तुकडा ताऱ्यांच्या साहाय्याने मोजला गेला.

त्याचे यंत्रही लक्षात ठेवण्याजोगे आहे. लंडनच्या रॅम्सडेन या कारागिराने ते घडवले होते. पाच फूट त्रिज्येचे हे यंत्र चीनच्या बादशहाकडे गेलेल्या इंग्रज वकिलातीच्या सामानातले होते, आणि कलकत्त्यात डिनविडी नावाच्या विद्वानाकडून ते लॅम्ब्टनच्या कामासाठी मिळाले. त्यात एक दुर्बीण जवळजवळ सरळ डोक्यावर रोखलेली असे, आणि शेजारी ओळंबा लोंबत असे. आपले गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून सोडतात, तोच हा ओळंबा. तारा या ओळंब्याच्या रेषेपासून किती दूर आहे एवढेच मोजायचे. दुर्बीण आजच्या मानाने मामुली होती. खरी भिस्त होती ओळंब्यावर आणि पाहणाऱ्याच्या चिकाटीवर.

लॅम्ब्टन पुढे नागपूरकडे निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे वय सत्तरीच्या घरात होते. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. हे नाव मुलांना जगातल्या सर्वांत उंच शिखरामुळे माहीत आहे, पण एव्हरेस्टने ते शिखर ना शोधले, ना तो त्यावर चढला. त्याची हयात गेली ती याच मोजणीत. त्याने टाकल खेऱ्याची निरीक्षणे पुन्हा तपासली तेव्हा त्याला एक शंका आली. टाकल खेऱ्याच्या दक्षिणेला पूर्णेचे सपाट काळे रान आहे आणि उत्तरेला सातपुड्याची उंच भिंत. एवढे मोठे डोंगराचे वजन ओळंब्याला आपल्याकडे ओढत नसेल काय? ओळंबा केसाएवढा जरी उत्तरेकडे कलला, तरी ताऱ्यांचे माप चुकणार. कारण कोनाच्या एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे १०० फुटांची चूक. १८३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. पुढे आकाश मोजण्याची मुख्य ठाणी म्हणून त्याने दामरगिड्डा, मध्य हिंदुस्थानातले कल्याणपूर आणि उत्तरेतले कलियाना ही तीन घेतली. टाकल खेरा त्यांत नाही.

डोंगर ओळंब्याला ओढतो हा विचार तेथेच थांबला नाही. उत्तरेकडे कल्याणपूर आणि कलियाना यांच्यातले अंतर ताऱ्यांवरून एक आले आणि त्रिकोणांवरून दुसरे, फरक ५.२३६ विकलांचा. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट हे धर्मोपदेशक असून उत्तम गणिती होते. त्यांनी १८५५ साली हिमालयाच्या वजनाचा हिशेब करून दाखवले की फरक खरे तर १५.८८५ विकलांचा यायला हवा होता. मग हिमालयाची ओढ इतकी कमी का? त्याच वर्षी एअरी या शास्त्रज्ञाने उत्तर सुचवले की लाकडाचा ओंडका पाण्यात तरंगतो तसे पर्वत खालच्या जड थरावर तरंगत असतात, आणि त्यांची हलकी मुळे खोल गेलेली असतात. आज भूगोलाच्या पुस्तकात हा सिद्धान्त असतो. त्या विचाराच्या वाटेवरचे एक पाऊल आपल्या शेताशिवारात, आपल्याच सातपुड्याकडे पाहून टाकले गेले. चिखलदऱ्याला सहलीला जाताना घाटात मुलांना हे सांगून पाहावे. माझा अनुभव असा की मुले लगेच खिशातून दोरा काढतात.

लॅम्ब्टन आणि एव्हरेस्ट हे सरकारी नोकर होते, त्यांच्या मागे कंपनी सरकारचा खजिना होता. दुसऱ्या प्रकरणातली माणसे अगदी निराळी. ती बहुतांशी हौशी होती, आणि म्हणूनच मला ती अधिक जवळची वाटतात.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची गडद छाया अरबी समुद्रावरून रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागली, सोलापूर जिल्ह्यातून वऱ्हाडात शिरली, तेथून मध्य प्रांत व बिहार ओलांडून हिमालयाकडे गेली. अचलपूर या पट्ट्याच्या बाहेर, वायव्येला राहिले. येथे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला असला तरी पूर्ण अंधार झाला नाही. पण आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यानचे तळणी हे लहानसे रेल्वे स्टेशन पट्ट्यात होते. जगातून निरीक्षक हिंदुस्थानात आले. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यात उतरले. पुण्याच्या वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवाला जेऊरला गेले. पुलगावला न्यूऑल यांचा तळ पडला. येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हेलियमची पिवळी रेषा १८६८ सालच्या निरीक्षणांत सापडली. त्या वर्षीच्या ग्रहणाला लॉकियर हिंदुस्थानात नव्हते, त्यांनी आपले काम इंग्लंडात केले. विजयदुर्गाला ते आले १८९८ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनंतर. किल्ल्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही, पण इतिहास नीट सांगावा.

तळणीला जी तुकडी उतरली ती ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या संस्थेची. ही संस्था १८९० साली लंडनमध्ये मुद्दाम हौशी निरीक्षकांसाठी स्थापन झाली होती. जुन्या रॉयल संस्थेची वर्गणी व अटी ज्यांना झेपत नसत त्यांना येथे प्रवेश होता, आणि स्त्रियांनाही होता. १८९६ साली याच संस्थेचे लोक ग्रहण पाहायला नॉर्वेला गेले होते. इतक्या दूर जाऊन ऐन वेळी ढग आले आणि काहीच दिसले नाही. म्हणून दोन वर्षांनी ते वऱ्हाडच्या हिवाळ्यातल्या निरभ्र आकाशाच्या भरवशावर येथे आले. काळ मात्र वाईट होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले होते आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान मांडले होते. अशा वेळी ही मंडळी बोटीने मुंबईला उतरली आणि रेल्वेने तळणीला आली.

त्यांच्यात एक बाई होती. तिचे नाव ॲनी मॉन्डर, माहेरचे आडनाव रसेल. आयर्लंडमधल्या स्ट्रॅबेन गावी १८६८ साली जन्मलेली ही मुलगी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. १८८९ साली परीक्षेत तिने उत्तम यश मिळवले. परंतु त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे, म्हणून पदवी नाही. १८९१ साली ती ग्रीनिचच्या वेधशाळेत हिशेबनीस म्हणून लागली, पगार महिन्याला चार पौंड. सूर्यावरचे डाग मोजणे हे तिचे काम. १८९२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचे नाव सुचवले गेले, ते नाकारले गेले. १८९५ साली तिने वेधशाळेतीलच एडवर्ड वॉल्टर मॉन्डर यांच्याशी विवाह केला आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी करता येत नसल्यामुळे तिला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे तळणीच्या स्टेशनवर उतरली तेव्हा ती सरकारी वेधशाळेची कोणी नव्हती. हौशी निरीक्षक एवढीच तिची ओळख.

पण कॉलेजकडून तिला संशोधनासाठी एक लहानसे अनुदान मिळाले होते. त्यातून तिने स्वतःच्या कल्पनेप्रमाणे एक छोटा कॅमेरा बनवून घेतला. त्याचे भिंग होते दीड इंच व्यासाचे, आपल्या चहाच्या कपाच्या तोंडापेक्षाही लहान. इतरांजवळ मोठमोठ्या दुर्बिणी असताना हे खेळणे कशासाठी? बाईंचा विचार अगदी पक्का होता. खग्रास अवस्थेत सूर्याभोवती प्रभामंडळ दिसते, त्याचा आतला भाग तेजस्वी आणि बाहेरची टोके अत्यंत फिकी असतात. लांब नळीच्या दुर्बिणीत प्रतिमा मोठी पडते, पण प्रकाश पसरून ती टोके नाहीशी होतात. आखूड नळीच्या लहान भिंगात प्रतिमा इवलीशी पडते, मात्र तीच प्रकाशाची शिदोरी थोड्या जागेत साठते आणि फिके तेजही काचेवर उमटते. आपल्या बायका कमी दुधात दाट चहा करायचा तर पाणी कमी घालतात, तसलाच हा हिशेब.

खग्रास अवस्था तळणीला सुमारे दोन मिनिटे टिकली. त्या दोन मिनिटांसाठी सातासमुद्रांचा प्रवास! काचा धुतल्या तेव्हा त्यांतल्या एकीवर सूर्यापासून निघालेला प्रभेचा एक लांबच लांब किरण उमटलेला आढळला. जवळजवळ ६० लक्ष मैल लांबीचा. तोपर्यंत एवढ्या लांबीचा प्रभाकिरण कोणालाही छायाचित्रात टिपता आला नव्हता. तो टिपला दीड इंची भिंगाने, पदवी न मिळालेल्या आणि नोकरी सोडावी लागलेल्या एका स्त्रीने, आपल्या अमरावती जिल्ह्यात.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने दार उघडले ते १९१६ साली, म्हणजे पहिल्या नकारानंतर चोवीस वर्षांनी. त्या वर्षी ॲनी मॉन्डर सदस्य झाल्या. तोवर त्यांनी लोकांसाठी 'द हेवन्स अँड देअर स्टोरी' हा ग्रंथ लिहिला होता (१९०८). त्यावर पतीचेही नाव आहे, पण बहुतेक लेखन बाईंचे आहे.

त्याच तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचा एक तरुण होता. तो इंग्लंडात व्यवसायात नोकरी करून फावल्या वेळात घरच्या दुर्बिणीने सूर्य पाहत असे. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेचा जो रंगपट क्षणभर चमकून जातो, त्याची उत्तम छायाचित्रे त्याने तळणीला घेतली. या हौशी माणसाला पुढे दक्षिणेत कोडाइकॅनालच्या सरकारी वेधशाळेत बोलावले गेले. तेथे १९०९ साली त्याने सूर्यावरील डागांत वायू आतून बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधून काढले. जगभरच्या ग्रंथांत आज ही गोष्ट त्याच्या नावाने ओळखली जाते. एव्हरशेड पुढे त्या वेधशाळेचा प्रमुख झाला.

बिहारमध्ये बक्सर येथे याच संस्थेची दुसरी तुकडी होती. तेथे मास्केलाइन या इंग्रज जादूगाराने ग्रहणाचा चलच्चित्रपट घेतला, आणि परतीच्या वाटेवर ती फिल्म चोरीला गेली! जादूगाराची वस्तू नाहीशी व्हावी हा योग पाहून त्याच्या मित्रांना हसू आवरले असेल का, असे राहून राहून मनात येते.

आता आपल्या लोकांकडे वळू. वऱ्हाड हा निजामाच्या राज्याचा भाग, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला. त्याच हैदराबादेत नबाब जफर जंग या सरदाराला ताऱ्यांचा नाद होता. त्यांनी स्वतःच्या पैशाने इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणवली आणि १९०१ साली खाजगी वेधशाळेचा पाया घातला. १९०७ साली ते वारले आणि पुढल्या वर्षी ती वेधशाळा निजाम सरकारने चालवायला घेतली. निजामिया वेधशाळा ती हीच. तारकांच्या जागतिक नोंदवहीत आकाशाचे काही पट्टे या वेधशाळेच्या वाट्याला आले आणि लाखो ताऱ्यांची स्थाने तिने मोजून दिली. एका नबाबाच्या छंदातून हे उभे राहिले हे आपल्या धनिकांनी ध्यानी घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. लग्नाच्या मांडवावर उडणारा पैसा पाहिला की फारच वाटते.

त्या वेधशाळेत नोकरीस असलेल्या एका गृहस्थांचा मुलगा हैदराबादेत लहानपणापासून दुर्बिणीच्या सावलीत वाढला. तो म्हणजे वेणू बाप्पू. विद्यार्थिदशेतच तो रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे तेज कमी-अधिक होते अशा ताऱ्यांच्या नोंदी करू लागला. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत हार्वर्डला गेला. तेथे १९४९ साली एका धूमकेतूच्या शोधात त्याचे नाव जोडले गेले. १९६० साली तो कोडाइकॅनालच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. तळणीला आलेला एव्हरशेड ज्या खुर्चीत बसला होता, तीच ही खुर्ची!

आणि ज्या पालकांच्या मुलांना परीक्षेत यश येत नाही त्यांच्यासाठी एक नाव सांगतो. बंगालमध्ये जेसोरला राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ होते. ते प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात नोकरीस लागले. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहून त्यांना आकाशाचे वेड लागले. १९१२ च्या सुमारास त्यांनी ३ इंची दुर्बीण घेतली, आणि दिवसभर खजिन्यात व रात्री गच्चीवर असा क्रम सुरू झाला. रूपविकारी ताऱ्यांच्या ३७,००० हून अधिक नोंदी त्यांनी केल्या आणि त्या अमेरिकेतल्या संस्थेकडे पाठवल्या. तेथील लोकांनी खूष होऊन त्यांना सहा इंचांहून मोठी दुर्बीण भेट धाडली, आणि पुढे ती बाप्पूंच्या उपयोगी पडली. महाराष्ट्रात हौशी मंडळींना एकत्र आणणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ साली स्थापन झाली आणि ती आजही चालू आहे. भविष्य सांगणाऱ्यांशी तिचा संबंध नाही, हे नावावरून घोटाळा होऊ नये म्हणून लिहिले.

माझ्याजवळ ३ इंची दुर्बीण आहे. काही वर्षांपूर्वी मी शाळेच्या मुलामुलींना गच्चीवर बोलावू लागलो. पहिल्या रात्री मुले आली वीस आणि मुली आल्या दोन. पुढल्या खेपेला त्या दोघीही आल्या नाहीत. एका पालकांनी निरोप धाडला, "सर, अभ्यासक्रमात आहे का हे? नसेल तर रात्रीच्या वेळी मुलींना कशाला?" मला राग आला, खोटे कशाला बोलू. पण नंतर विचार केला की त्यांचे अर्धे बरोबर होते. रात्रीची वेळ, अनोळखी गच्ची. मग मी मुलींना नव्हे, त्यांच्या आयांना बोलावले. त्या आल्या, मुलींना घेऊन आल्या, आणि शनीची कडी दिसली तेव्हा मुलींपेक्षा आयांनीच रांग मोडली. त्यांतल्या एकींनी डोळा काढून दुर्बिणीच्या तोंडाशी कागद चिकटवला आहे का ते पाहिले. मला वाटते, शास्त्रज्ञाची पहिली खूण हीच.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी लगेच दुर्बीण विकत घेऊ नये. आधी दोन महिने नुसत्या डोळ्यांनी पाहावे. गावाच्या दिव्यांपासून दूर, परतवाड्याच्या पलीकडे डोंगराकडे गेले की आकाशगंगा अजून दिसते. खेड्यातले जुने लोक सप्तर्षींना खाट म्हणतात, ती खाट ओळखावी. मृगाचा पट्टा व त्यातला तीन ताऱ्यांचा बाण ओळखावा. सुरैया आपोआप सापडते. मग कोणाची दोन डोळ्यांची साधी दुर्बीण मिळाली तर सुरैयात सहा-सात ठिपक्यांऐवजी कितीतरी तारे दिसू लागतील, आणि मुश्तरीजवळ एका ओळीत त्याचे चार चंद्र. रोज वहीत त्यांच्या जागा काढाव्यात. आठवड्याभरात ते फिरताना दिसतात. गॅलिलिओने १६१० साली हेच केले. देवयानी तारकासमूहातला तो फिका ढग शोधावा, ज्याची नोंद इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्सूफी यांनी ९६४ साली आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात दुर्बिणीशिवाय केली होती. आज आपल्याला ठाऊक आहे की तो ढग नसून लक्षावधी कोटी ताऱ्यांची स्वतंत्र दीर्घिका आहे. लहान दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ आणि चंद्रावरचे खड्डे यांना तोड नाही. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास चंद्र पाहावा, सावल्यांमुळे खड्डे उठून दिसतात. सूर्याकडे मात्र कोणत्याही दुर्बिणीतून कधीही पाहू नये. क्षणात डोळा जातो, आणि त्यावर औषध नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लॅम्ब्टनचा प्रयोग आमच्या परीने केला. भूमितीच्या पेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यातून सोडलेला दोरा, टोकाला एक छोटा नट, आणि काठावर शरबत पिण्याची नळी. नळीतून ध्रुवतारा पाहायचा आणि दोरा किती अंशांवर आला ते शेजारच्याने वाचायचे. ध्रुवताऱ्याची उंची जेवढी, तेवढा आपल्या गावाचा अक्षांश. सातपुड्याच्या काळ्या रेषेच्या बऱ्याच वर तो शांतपणे उभा होता. मुलामुलींचे आकडे १९ पासून २४ अंशांपर्यंत आले. एकाचे २७ आले, तेव्हा त्याचा दोरा स्वेटरच्या गुंडीत अडकला होता. सरासरी काढली ती २१ च्या जवळ. अचलपूरचा अक्षांश २१ अंश १५ कला आहे.

नंतर सगळ्यांना दक्षिणेकडे वळवले. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास, अचलपूरहून सुहेल क्षितिजाच्या वर सोळा अंशांवर येतो. हाताची मूठ लांब धरली तर दीड मुठीएवढा वर. लंडनहून तो कधीच दिसत नाही. तळणीला आलेल्या मॉन्डरबाईंना तो दिसायला वऱ्हाडात यावे लागले. आमच्यात सहावीतला एक सुहेल होता. त्याला मी दुर्बीण स्वतःच्या हाताने फिरवू दिली. त्याने बराच वेळ पाहिले, मग मागे वळून बहिणीला म्हणाला, "आपा, हा तर माझाच आहे. तुझा कुठे?" सुरैया तेव्हा पश्चिमेकडे, घराच्या पाण्याच्या टाकीवर आली होती.